मागच्या एक्सलची मूळ प्रत

जीपचा मागचा एक्सल ही काही पाहण्याची वस्तू नव्हे. चिखलाची आणि गळक्या तेलाची पुटे अंगावर घेऊन तो गाडीच्या पोटाखाली राहतो आणि मोडत नाही तोवर त्याची आठवणही कुणाला होत नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र गोंदियातील एका गॅरेजात, दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या अशा एका एक्सलपुढे आम्ही जवळजवळ तीन आठवडे बसून होतो. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. ‘आस’ हा त्याचा शुद्ध शब्द आम्ही पहिल्या दिवशी उच्चारला, तेव्हा जीप सुरू होण्याच्या आशेविषयीच आम्ही बोलत आहोत असे मिस्त्रींना वाटले. पुढे आम्हीही निमूटपणे ‘एक्सल’ आणि ‘हौसिंग’ म्हणू लागलो.

जीप बाबांची. 1972 सालची, महिंद्राची सीजे-3बी. मूळ आराखडा अमेरिकेतील विलिस कंपनीचा, उंच इंजिन मावावे म्हणून बॉनेटही उंच केलेले. बाबा तेंदूपत्त्याच्या व्यवसायात होते. मे महिन्यात देवरी-सालेकसाच्या जंगलवाटांवर ही जीप दिवसरात्र धावे. त्यांच्यामागे ती परसातल्या टिनाच्या छपराखाली उभी राहिली. ती नुसती चालू करणे फारसे कठीण नव्हते. पण आम्हाला ती कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी हवी होती, आणि ‘होती तशी’ या दोन शब्दांतच पुढचे सगळे भांडण दडलेले होते.

एक्सल सुटा करणे हेच एक प्रकरण. कमानीचे यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले. चाकाचे हब निमुळत्या दांड्यावर इतके घट्ट की पुलर लावून, ठोके देऊन ते अखेर निघाले तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मागचे झाकण उघडून काळेकुट्ट तेल काढल्यावर क्राउनचे दात आम्ही मोजले: 43. पिनियनचे 8. मग रॉकेल, पत्री आणि तारेचा ब्रश. वरचा थर चंदेरी, तो कुणा रंगाऱ्याने मागाहून दिलेला. त्याखाली हिरवा. त्याहीखाली, थेट लोखंडावर बसलेला पातळ काळा. आणि हौसिंगच्या बुडाशी त्या काळ्याचा एक ओघळ, अर्ध्यात थिजलेला. पोथीवरची पुटे झाडता झाडता लेखकूची पहिली शाई दिसावी तसा आम्हाला आनंद झाला. मिस्त्रींना त्यात फक्त वाईट रंगकाम दिसले.

ओघळ राखावा की नाही, हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. 1964च्या पॉन्टियॅक जीटीओपासून पुढच्या दशकभरातील ज्या दणकट गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात, त्यांचे जीर्णोद्धारक या बाबतीत कमालीचे काटेकोर असतात. स्पर्धांत परीक्षक गाडीखाली वाकून मागचा एक्सल तपासतात आणि त्यांना चकाकी नको असते. कारखान्याने घाईत जे जसे सोडले ते तसेच दिसले पाहिजे. तपासनिसाने ओढलेला रंगाचा फराटा, खडूची खूण, दातांचे प्रमाण सांगणारी बोल्टखालची पत्र्याची चिठ्ठी, सारे जिथल्या तिथे. मधले बीड रंगाविना सोडलेले असेल तर ते रंगाविनाच दिसायला हवे. आता उघडे बीड गंजते. म्हणून ही मंडळी त्याला उघड्या बिडाच्याच छटेचा रंग देतात. रंग दिलेला नाही असे भासावे म्हणून रंग! जुन्या लेखकाची अशुद्धे प्रमाणलेखनाच्या तावडीतून सोडवून, अभ्यासपूर्वक पुन्हा जागेवर बसवणारा संपादक याहून वेगळे काय करतो?

मग डाव्या कमानीच्या बैठकीपाशी नळीवर वेल्डिंगची एक जाड, ओबडधोबड माळ सापडली. तिची कथा घरात अनेकदा ऐकलेली. 1983च्या मे महिन्यात देवरीजवळ ही बैठक नळीपासून उखडली. (देवरी तेव्हा भंडारा जिल्ह्यात, गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी.) हमरस्त्यावरच्या एका वेल्डरला झोपेतून उठवून बाबांनी ती जोडून घेतली आणि पहाटे घर गाठले. मिस्त्रींनी ग्राइंडर हातात घेऊन विचारले, “सर, हे घासून सपाट कराचं का ठेवाचं?”

आमच्यात एकमत नव्हते. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तिच्यात भर घालू पाहणाऱ्यासाठी त्यांनी वापरलेली ताटातल्या नरोटीची उपमा आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. एकाचे म्हणणे, ही माळ म्हणजे नरोटी, ती गेली पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे, राजवाड्यांनी 1909 मध्ये नाथपूर्व म्हणून निराळी ज्ञानेश्वरी छापली, तरी वारकऱ्याच्या हातातली प्रत नाथांच्या परंपरेचीच राहिली. वापराने रुळलेल्या पाठालाही काही हक्क असतो. बाबा कुणाचे, याचा या मतभेदाशी जो संबंध होता त्याचा उच्चार दोघांनीही टाळला. निकाल अखेर मिस्त्रींनी दिला: घासली तर पकड कमी होईल. माळ राहिली.

मोठे नुकसान मात्र आमच्या ढिलाईने झाले. उजव्या नळीवर, काळ्या थराच्या वर आणि हिरव्याच्या खाली, अंगठ्याएवढा पिवळा ठिपका होता. तपासनिसाचा असावा. संध्याकाळ झाली होती; छायाचित्र सकाळी घेऊ, असे ठरले. सकाळी आम्ही पोचण्याआधीच हौसिंग टेम्पोतून वाळूच्या माऱ्याने साफ करणाऱ्याकडे गेले होते. परतले ते एकसारखे राखाडी, कोरे. ठिपका गेला, ओघळ गेला. नुसती पत्रीच चालवायची, हे आम्ही त्या कारखान्याला कळवले होते असे मिस्त्री म्हणतात, कळवले असेलही. पण प्रत हातात असताना नक्कल न करून घेणाऱ्याने इतरांना बोल लावू नये.

“पिवळा लावून देतो ना मॅडम, कोन पाहाते?” मिस्त्री म्हणाले. दोन दिवस मोह झाला. ठिपक्याची जागा साधारण आठवत होती. आकार एकाला गोल आठवे, दुसऱ्याला लांबट. सुकथनकरांनी 1925 मध्ये भांडारकर संस्थेत महाभारताच्या संपादनाची सूत्रे घेतली, तेव्हा जिथे पाठाची पुरती खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ देण्याची पद्धत ठेवली. 1966 मध्ये पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीत आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटते ती ही रेघच. लोखंडाखाली अशी रेघ कशी ओढावी, ते आम्हाला सुचले नाही. ठिपका लावला नाही.

काळा रंग मिस्त्रींनी ब्रशने दिला. दुसऱ्या हाताला हौसिंगच्या बुडाशी, जवळजवळ त्याच ठिकाणी, एक थेंब जमला आणि खाली सरकू लागला. मिस्त्री कापड हातात घेऊन आमच्याकडे पाहत थांबले. तीन आठवड्यांत त्यांना आमचे वेड समजले होते. “पुसा,” आम्ही म्हणालो. तो ओघळ कारखान्याचा नव्हता.

नवी ऑइल सील बसली, शिम पूर्वीच्याच क्रमाने गेले, तेल भरले. एक्सल आता जीपखाली आहे आणि सगळीकडून सारखाच काळा दिसतो. डावीकडे कमानीपाशी हात घातला तर माळ बोटांना लागते.