दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी टाळ्या

टेनिसचा प्रेक्षक एरवी एका माणसाचा असतो. कुणी फेडररचा, कुणी नदालचा, कुणी सानिया मिर्झाचा. आपला खेळाडू हरला की स्पर्धेतला रस संपतो. डेव्हिस चषकात मात्र हे गणित बदलते. तिथे गेम संपल्यावर चेअर अंपायर खेळाडूचे नाव घेत नाही, देशाचे घेतो : ‘गेम, इंडिया’. एरवी खेळ चालू असताना कोर्टवर एकटा असणाऱ्या खेळाडूशेजारी खुर्चीवर कर्णधार बसलेला असतो. बाकावर उरलेला संघ उभा राहून टाळ्या वाजवत असतो आणि त्यांच्यामागे आपण असतो. या स्पर्धेत प्रेक्षकाला खरोखरीचे काम असते. ते काम नेमके कोणते आणि कुणासाठी करायचे, हे सांगावे म्हणून हा लेख.

मी अनेक वर्षे लाइन अंपायर म्हणून काम केले. डेव्हिस चषकात चेअर अंपायर त्रयस्थ देशाचा असतो, रेषांवर मात्र बहुधा यजमान देशाचीच माणसे असत. म्हणून भारतातल्या लढतींत मला उभे राहायला मिळाले. लाइन अंपायर चेंडूच्या मागे नजर फिरवत नाही, रेषेवर रोखून धरतो. टाळी वाजवायची नाही, चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नाही. गर्दी पाठीमागे असते, त्यामुळे ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. काही वर्षांत कान असा तयार होतो की पाळी संपवून विश्रांतीच्या खोलीत बसले तरी नुसत्या आवाजावरून कळते : आता आपली सर्व्हिस भेदली गेली, आता ब्रेक पॉइंट वाचला, आता टायब्रेकर आहे. आज बहुतेक मोठ्या स्पर्धांत रेषांचा निकाल यंत्र देते, २०२५ पासून विम्बल्डनमध्येही लाइन अंपायर उरलेले नाहीत. पण गर्दीचे काम करणारे यंत्र अजून निघालेले नाही.

डेव्हिस चषक सुरू झाला १९०० साली, बॉस्टनमध्ये, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या लढतीने. भारत त्यात उतरला १९२१ मध्ये आणि पहिल्याच लढतीत पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवून आला. तेव्हापासून २०१८ पर्यंत लढतीची मुख्य चौकट एकच होती. शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी, रविवारी परतीच्या दोन एकेरी. सामने पाच सेटचे. जागा आणि कोर्टचा पृष्ठभाग यजमानाने निवडायचा. आपण वर्षानुवर्षे हिरवळ निवडली, कारण परदेशी खेळाडूंना तिथल्या खाली राहणाऱ्या चेंडूची सवय नसे. यजमानपणाचे दोन फायदे असतात, एक पायाखालचा आणि दुसरा गॅलरीतला.

गॅलरीतला फायदा काय असतो, ते कोलकात्याच्या साउथ क्लबने १९६६ मध्ये दाखवले. ब्राझीलविरुद्ध लढत २-२ अशी बरोबरीत होती. शेवटच्या सामन्यात रामनाथन कृष्णन थॉमस कॉकविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पिछाडीवर होता आणि चौथ्या सेटमध्ये २-५ ने मागे. तिथून त्याने सामना जिंकला आणि भारत पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ ने हरवले. पण तो एक विजयही साधा नव्हता, कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत न्यूकोम आणि रोश यांना हरवले होते.

आठ वर्षांनी पुन्हा कोलकाता. अमृतराज बंधूंच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवले. तेव्हा डेव्हिस चषकात टायब्रेकर नव्हता आणि त्या एका लढतीत ३२७ गेम खेळले गेले, हा आजही विक्रम आहे. पुढची लढत आपल्या पुण्यात झाली. सोव्हिएत संघाला ३-१ असे हरवून भारत अंतिम फेरीत पोहोचला. पुण्यातल्या जुन्या टेनिसप्रेमींच्या तोंडून मी त्या दिवसांविषयी ऐकत आले आहे. अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका. वर्णभेद पाळणाऱ्या देशाशी खेळायचे नाही, हा भारताचा निर्णय ठरला आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारत चषकाच्या इतक्या जवळ असताना घेतलेला तो निर्णय मला आपल्या टेनिसच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय वाटतो. देशाच्या संघामागे उभे राहायचे तर देशाच्या भूमिकेमागेही उभे राहावे लागते, हे तेव्हाच्या प्रेक्षकांनी करून दाखवले.

परदेशातल्या लढती आपण ऐकत, वाचत आणि नंतर पाहत अनुभवल्या. १९८७ मध्ये सिडनीच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाचवा, निर्णायक सामना रमेश कृष्णनने वॉली मसूरविरुद्ध सरळ सेटमध्ये जिंकला. पॅट कॅश त्याच वर्षी विम्बल्डन जिंकलेला, त्याचा संघ घरच्या कोर्टवर हरला. अंतिम फेरीत स्वीडनने गॉथेनबर्गच्या मातीच्या कोर्टवर आपल्याला ५-० ने हरवले. १९९३ मध्ये फ्रान्सच्या फ्रेजूस गावी, त्यांच्याच मातीवर, लिअँडर पेसने दोन्ही एकेरी जिंकल्या. लढत २-२ झाल्यावर निर्णायक सामना पुन्हा रमेशच्याच वाट्याला आला. रॉडॉल्फ जिल्बेरला हरवून त्याने तो काढला. पेसचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण शेवटचा सामना ज्याच्या वाट्याला येतो, त्याला आदल्या दोन दिवसांचे सगळे ओझे घेऊन कोर्टवर उतरावे लागते.

हाच धागा पुढेही सापडतो. २०१० मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्ध ०-२ वरून भारत ३-२ ने जिंकला. निर्णायक एकेरी खेळला रोहन बोपण्णा, ज्याला जग दुहेरीसाठी ओळखते. २०१८ मध्ये चीनमधल्या तियानजिन येथे पुन्हा ०-२ वरून ३-२. त्या लढतीत पेसने दुहेरीतला ४३ वा विजय मिळवून इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा विक्रम मोडला आणि मथळे त्याचेच झाले. निर्णायक एकेरी जिंकली प्रज्ञेश गुणेश्वरनने. संघाच्या स्पर्धेत निकाल बहुतेक वेळा त्याच्या हातात असतो, ज्याचे पोस्टर कुणाच्या भिंतीवर नसते.

हे मी सर्वांत जवळून पाहिले बालेवाडीत, फेब्रुवारी २०१७ मध्ये. डेव्हिस चषकाची लढत पुण्यात पुन्हा यायला चार दशकांहून अधिक काळ गेला होता. समोर न्यूझीलंड. गावभर चर्चा शनिवारची, कारण पेस तेव्हा ४२ विजयांवर होता आणि विक्रम पुण्यात मोडेल अशी आशा होती. शुक्रवारी युकी भांब्री आणि रामकुमार रामनाथन यांनी आपापले सामने जिंकले. शनिवारी पेस आणि विष्णुवर्धन दुहेरीत हरले. गर्दी हळहळत घरी गेली, जणू लढतच हातची गेली. खरे तर भारत २-१ ने पुढे होता! रविवारी रामकुमारने फिन टिअर्नीला हरवून लढत जिंकून दिली, युकीने शेवटचा सामनाही घेतला, निकाल ४-१. चारही एकेरी या दोन तरुणांनी काढल्या. शुक्रवार आणि रविवारचा खेळ मन लावून पाहणाऱ्याला संघ दिसला. फक्त शनिवारसाठी आलेल्याला एक हुकलेला विक्रम तेवढा दिसला.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ओरलँडोत आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने मतदान करून या स्पर्धेचा जुना साचा मोडला. अंतिम टप्पा एकाच शहरात, सामने तीन सेटचे, एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी. कारणे खोटी नव्हती. मोठे खेळाडू पाच सेटच्या सामन्यांना थकले होते, वेळापत्रक भरलेले होते, पैसा हवा होता. पण प्रेक्षकाचा विचार त्यात मागे पडला. २०१९ मध्ये माद्रिदला अमेरिका आणि इटलीची दुहेरी पहाटे चारनंतर संपली. त्या वेळी गॅलरीत कोण असणार? त्याआधीची चित्रे आठवा. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या लील येथे अंतिम लढतीला सत्तावीस हजारांवर माणसे होती, स्वित्झर्लंडचे लोक गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते. २०१६ मध्ये झाग्रेबला अर्जेंटिनाचे हजारो लोक समुद्र ओलांडून आले. चार अंतिम लढती हरलेला तो देश. डेल पोट्रोने चिलिचविरुद्ध दोन सेट गमावल्यावर सामना फिरवला, आणि चषक जिंकून दिला तो फेडेरिको डेल्बोनिसने, निर्णायक एकेरीत कार्लोविचला हरवून. पुन्हा तोच दुसरा खेळाडू!

या नव्या साच्यासाठी महासंघाने एका कंपनीशी केलेला पंचवीस वर्षांचा करार २०२३ च्या सुरुवातीलाच तुटला. २०२५ पासून पात्रतेची दुसरी फेरीही घरच्या आणि परक्या मैदानांवर होऊ लागली, त्यामुळे शेवटचे आठ संघ ठरेपर्यंत प्रत्येक लढतीला पुन्हा एक घर आहे. आपला संघ ज्या गटांत खेळतो तिथे घरच्या लढती कधीच बंद झाल्या नव्हत्या. म्हणजे भारतीय प्रेक्षकाचे काम शिल्लकच आहे.

ते कसे करायचे, याची उत्तम शाळा आमच्या बालेवाडीतच भरली. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग चषकाचा आशिया-ओशनिया गट पुण्यात खेळला गेला. श्रीवल्ली भामिदिपातीने पाचही एकेरी जिंकल्या. संघात पुण्यात सराव करून घडलेली अंकिता रैना होती, बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती. शेवटच्या लढतीत कोरियाला २-१ ने हरवून भारत पुढच्या फेरीत गेला. मी प्रेक्षकांत बसले होते, टाळ्या वाजवायला आता मोकळी. आईबापांबरोबर आलेल्या अकादमीतल्या मुली प्रत्येक गुणामागे ‘चलो इंडिया’ ओरडत होत्या आणि समोरची खेळाडू सर्व्हिसला चेंडू उडवणार त्याच्या आत गप्प होत होत्या. हीच खरी कला आहे. दोन गुणांच्या मधला वेळ आपला असतो, तो पूर्ण वापरावा. पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसच्या मधला वेळ खेळाडूचा असतो, तो त्याला द्यावा. गर्दीने मर्यादा सोडली तर यजमान संघाला गुणाची शिक्षा होऊ शकते, असा या स्पर्धेचा नियम आहे. प्रेक्षक संघाचा भाग आहे, हे नियमानेच मान्य केले आहे.

हिरवळीचा फायदाही आता पुरत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये साउथ क्लबच्या हिरवळीवर इटलीने आपल्याला ३-१ ने हरवले. त्याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील येथे, बंदिस्त कोर्टवर, भारताने यजमानांना ३-१ ने हरवले. फ्रेजूसनंतर युरोपीय देशाला त्याच्या घरात हरवण्याची ती पहिलीच वेळ. लढतीची सुरुवात केली पहिल्यांदाच देशासाठी खेळणाऱ्या दक्षिणेश्वर सुरेशने. क्रमवारीत तो सहाशेच्या पलीकडे होता, समोरचा जेरोम किम दीडशेच्या आसपास. दोन सेटमध्ये सामना संपला. मग सुमित नागलने आपल्या दोन्ही एकेरी काढल्या. भारताला यापुढे जे मिळेल ते अशाच मुलांकडून मिळेल. त्यांना ओळखणारे, त्यांच्या पडत्या काळातही येणारे लोक त्यांच्यामागे हवेत.

नंदन बाळ, गौरव नाटेकर, संदीप कीर्तने असे डेव्हिस चषकाचे खेळाडू महाराष्ट्राने दिले. त्या मानाने त्यांना पाहणारा प्रेक्षक आपण जपला नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. पुढची लढत जवळच्या शहरात आली की पहिल्या दिवसाचे, पहिल्या सामन्याचे तिकीट काढा. घरातल्या मुलांना बरोबर न्या. ज्याचे नाव तुम्हाला माहीत नाही, अशा खेळाडूच्या सामन्याला आधी जाऊन बसा आणि त्याचा शेवटचा गुण होईपर्यंत उठू नका. तारे आपल्या बळावर खेळतात. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला तुमची गरज असते, आणि लढत बहुधा तोच जिंकून देतो.