हजेरीपटावरचा क्रमांक

माझी नात यंदा दहावीला आहे. संध्याकाळी येरवड्यातल्या आमच्या घराच्या गॅलरीत ती विज्ञान पाठ करते आणि मी शेजारी भाजी निवडत बसते. परवा कानावर आलं, "आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार कमी होतो, गणात वरून खाली जाताना वाढतो." हेच वाक्य मी एकेकाळी अख्ख्या वर्गाकडून घोकून घेतलं होतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. शाळेला विज्ञानाचे शिक्षक मिळेनात, म्हणून एक वर्ष रसायनाचे तास माझ्याकडे आले. आदल्या रात्री वाचायचं, दुसऱ्या दिवशी शिकवायचं, असा सगळा कारभार. एका मुलीने विचारलं, "बाई, उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात ना? मग अणू लहान कसा होतो?" मला उत्तर येत नव्हतं. "पुस्तकात दिलंय ना? तेच लिही, मार्क मिळतील," असं म्हणून मी तिला खाली बसवलं. वर्ग हसला. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही.

परवा मी नातीला विचारलं, "का गं, लहान का होतो?"

"आजी, पुस्तकात तसंच दिलंय!"

माझंच वाक्य चाळीस वर्षांनी माझ्याकडे परत आलं! म्हटलं, आण बघू ते पुस्तक.

दोघींनी आकडे लिहून काढले. लिथियमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. मग शेजारी अणुअंक मांडले : ३, ४, ५, ६, ७, ८. मेंडेलीव्हने १८६९ साली सारणी मांडली ती अणुवस्तुमानाच्या क्रमाने. खरा क्रम अणुअंकाचा, हे १९१३ साली मोझलेने दाखवलं. मी मात्र हा अंक मुलांना हजेरीपटावरच्या क्रमांकासारखा शिकवला होता. अहो, तो नुसता क्रमांक नाहीच! केंद्रकात किती प्रोटॉन आहेत, म्हणजे ओढणाऱ्याचा जोर किती, ते तो सांगतो.

नातीला मी आमच्या भाजीवाल्याचं उदाहरण दिलं. तो खाली उभा राहून हाक मारतो. पहिल्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येते, चौथ्यावर जेमतेम. गणात खाली जाताना असंच होतं. दर वेळी एक नवं कवच, म्हणजे नवा मजला चढतो, आणि मधल्या मजल्यांवरचे इलेक्ट्रॉन केंद्रकाची हाक अडवतात. म्हणून लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१. बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल झाला की तो काढून घेणंही सोपं होतं. त्यासाठी लिथियमला मोलमागे ५२० किलोज्यूल लागतात, पोटॅशियमला ४१९. म्हणून तर पाण्यात टाकल्यावर सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त भडकतो.

आवर्तात उजवीकडे जाताना मजला तोच राहतो. त्यावर माणसं वाढतात, पण शेजारी शेजाऱ्याला फारसं अडवत नाही. खाली हाक मारणारे मात्र तीनाचे चार, चाराचे पाच होत जातात. हाक मोठी होते, सगळा मजला खाली ओढला जातो, अणू आक्रसतो. इलेक्ट्रॉन वाढतात हे त्या मुलीचं म्हणणं अगदी खरं होतं. प्रोटॉनही वाढतात, एवढंच तिला सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं हो!

नातीने भाजीवाला वहीत उतरवून घेतला. मी म्हटलं, "परीक्षेत हे लिहू नकोस बाई, मार्क जातील." दोघी हसलो.

ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढे गेली असेल. तिचं नावही आठवत नाही. कधी भेटली तर सांगेन, तुझा प्रश्न बरोबर होता गं; उत्तर बाईंना येत नव्हतं.