टेस्टवरचा माझा राग

सारख्या टेस्टा घेऊन शिकवणाऱ्या लातूर पॅटर्नला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली. नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवतो, बी.एड.ला पियाजे, वायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ वाचलेले. मूल ज्ञान स्वतः रचतं, परीक्षा ते नुसती मोजते, मग सारखं मोजत बसलं तर शिकायचं कधी, असा माझा सरळ हिशोब. 2010 च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला, तेव्हा आपलंच म्हणणं सरकारनं मान्य केलं असं वाटलं होतं.

ते मत आता राहिलेलं नाही. एक तर त्या मूल्यमापनातल्या, वर्षभर ठेवायच्या आकारिक नोंदींनी डोळे उघडले. साधनं आठ, त्यात लेखी चाचणीही होतीच. पण वर्गात साठ पोरं, मग तयार पुस्तकातून वाक्यं उतरवायची. ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो.’ घ्या! त्याला घनता समजली का, ते त्या नोंदीवरून ना मला कळायचं, ना त्याला.

मग रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग वाचनात आला. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला; दुसऱ्यानं एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. म्हणजे आठवायला लावणं हेच शिकवणं. माझा हिशोब तिथंच मोडला.

लातूरकडे मी त्यानंतर नीट पाहिलं. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात हा पॅटर्न रुजला. तिथं शिकलेला माझा मावसभाऊ टेस्टांबद्दल फार बोलत नाही. तपासलेला पेपर हातात द्यायचे, चुकलेलं परत सोडवून घ्यायचे, हेच त्याच्या लक्षात आहे. मी बाहेरून फक्त टेस्टा मोजत होतो.

लातूर पॅटर्न म्हणून पसरलं मात्र वेगळंच. चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स, रविवारी संध्याकाळी मोबाइलवर रँक. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी 1988 मध्ये दाखवलं होतं की नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारतात. शेऱ्याबरोबर गुणही दिले, तर शेऱ्याचा उपयोग जातो. पोरगं आकडा बघतं आणि पेपर दप्तरात कोंबतं. हे कुठल्याही मास्तरला माहीत आहे, त्याला संशोधन लागत नाही.

सध्या दर आठवड्याला टेस्ट घेतो, गुण देत नाही. पोरं वही उघडून लाल पेनानं स्वतःच दुरुस्त करतात. पालक विचारतात, “सर, कितवा आला?” काही जणांनी चिडून ट्युशन लावली.

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेचं मात्र मला अजून पटत नाही. 180 मिनिटांत 180 प्रश्न, चुकलं की एक गुण वजा. तिथं ‘असं का होतं?’ विचारत थांबणारा पोरगा मागं पडतो, आणि माझ्या वर्गात मी त्याला नेमकं तिथंच थांबायला सांगतो. दहावीनंतर तो ‘नीट’च्या तयारीला लातूरला जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं.