सुरखाबचे पर

उर्दूच्या तासाला 'सुरखाब के पर लगना' हा वाक्प्रचार मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. अर्थ : इतरांपेक्षा काहीतरी खास असणं. बोलताना तो बहुतेक टोमणा म्हणूनच येतो. मराठीच्या तासाला चक्रवाकाची जोडी रात्री कशी ताटातूट सोसते, तेही रंगवून सांगायचे. दोन्ही पक्षी मी पाहिलेले नव्हते.

सातवीतला एक मुलगा सारखा गैरहजर असायचा. वडील नाथसागराच्या काठावर मासळी विकत घेऊन बाजारात नेतात. हा पहाटे त्यांच्या मदतीला. एकदा तो आठवड्यानं उगवला तेव्हा मी भर वर्गात म्हणाले, "तुझे क्या सुरखाब के पर लगे हैं, जो जब दिल चाहे आएगा?" वर्ग हसला. त्यानं मान खाली घातली.

जानेवारीत आमची सहल पैठणला गेली. जायकवाडी धरणामुळे गोदावरीवर झालेला हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. काठच्या चिखलात दोन विटकरी-नारिंगी पक्षी उभे होते. सोबत आणलेल्या पुस्तकाची पानं उलटून मी जाहीर केलं, "ही अडई."

मागून आवाज आला, "नहीं आपा. अडई इससे छोटी रहती, सीटी जैसा बोलती. इसका सर देखो, फीका है. अब उडेंगे तो पर देखना."

तेवढ्यात एक होडी जवळून गेली आणि पक्षी उडाले. 'आंग, आंग' असा भसाडा आवाज. मिटलेल्या पंखांत झाकलेला पांढराशुभ्र पट्टा एकदम उघडला, त्याच्या कडेला काळी पिसं. शेपटीही काळी.

पुस्तकात पुन्हा शोधलं. लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात येणारा पाहुणा. मराठी नाव चक्रवाक. कंसात हिंदी नाव होतं, ते माझ्या खांद्यावरून वाकून त्यानंच मोठ्यानं वाचलं, "सुरखाब."

मग तो गप्प झाला. मीही.

दोन तासांना मी दोन भाषांत शिकवत आले, तो पक्षी एकच होता. आणि त्याला रोज पाहणारा मुलगा माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत होता. परतीच्या बसमध्ये सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली. टोमणा सगळ्यांसमोर मारला होता, तर माफीही तशीच मागायला हवी होती. तो लाजून खिडकीबाहेर पाहत राहिला.

त्याची गैरहजेरी संपलेली नाही. घरी जाऊन वडिलांशी बोलले. आता आठवड्यातून एखादाच दिवस चुकतो. एप्रिलमध्ये एकदा उशिरा आला, तेव्हा विचारलं, "आज पानी पे क्या था?"

"सुरखाब चले गए, आपा," तो म्हणाला. "गर्मी आ गई ना."

हजेरीपट बंद करून मी त्याला बसायला सांगितलं.