सुईचा पंचनामा

30 एप्रिल 2024, मंगळवार

आज भद्रावतीत चहाच्या टपरीपासून बार रूमपर्यंत एकच विषय. ॲस्ट्राझेनेकाने फेब्रुवारीत लंडनच्या उच्च न्यायालयात दिलेल्या कागदात कबूल केले आहे की त्यांच्या लसीमुळे अतिशय क्वचित टीटीएस होऊ शकतो. म्हणजे रक्तात गुठळ्या, आणि त्याच वेळी प्लेटलेट्स खाली. हीच लस आपण कोविशील्ड म्हणून घेतली.

संध्याकाळी माजरीकडच्या एक ताई कागदांची पिशवी घेऊन आल्या. नवरा खाणीवर ठेकेदाराकडे कामाला. जून 2021 मध्ये पहिला डोस, कारण प्रमाणपत्राशिवाय ठेकेदार कामावर घेत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात डोके ठणकू लागले, मेंदूत गुठळी निघाली, नागपुरात दगावला. “वकीलसाहेब, आता तरी कोनी लिहून देते का?” एवढेच त्यांनी विचारले.

4 मे, शनिवार

फाइल वाचली. प्लेटलेट्स घसरत गेलेल्या स्पष्ट दिसतात. पण पीएफ-4 प्रतिपिंडांची तपासणी नाही, आणि निदान पक्के करणारी तीच. लसीनंतरच्या प्रतिकूल घटनेची, एईएफआयची, नोंदही कुणी केली नाही. त्यामुळे प्रकरण जिल्हा समितीपुढे गेलेच नाही. लसीने मृत्यू झाला असे मी म्हणू शकत नाही. झाला नाही असे तरी कुणी कशाच्या आधारावर म्हणावे? लसीने असंख्य जीव वाचवले याबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच ही रिकामी जागा मला सहन होत नाही.

9 मे, गुरुवार

भरपाईची एकेक वाट तपासली. ग्राहक आयोग: सर्वांना फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये शांता खटल्यात ठरवून टाकले आहे. दिवाणी दावा: मुदतीचा प्रश्न, आणि पुराव्याचा सगळा भार विधवेवर. उच्च न्यायालय: औरंगाबादच्या एका वडिलांनी डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल 1000 कोटींची भरपाई मागितली, मुंबईत ऑगस्ट 2022 मध्ये नोटिसा निघाल्या. तेवढी ताकद या घरात नाही.

केंद्राने तर नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात शपथेवर सांगितले की लस ऐच्छिक होती, सरकार जबाबदार नाही, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जा. ऐच्छिक! ज्याची मजुरी प्रमाणपत्रावर अडली होती त्याची कसली इच्छा? कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही हा निकाल आला 2 मे 2022 रोजी. तोवर हा माणूस जाऊन वर्ष होत आले होते.

16 मे, गुरुवार

आपल्या जिल्ह्यात वाघाने माणूस मारला तर वनखाते पंचनामा करते आणि वारसांना 25 लाख देते. वनखात्याला तिथे कुणाची चूक शोधावी लागत नाही, घरच्यांनाही कुणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. वाघ सर्वांसाठी राखायचा, तर त्याची किंमत एकट्या घराने का मोजावी, हा त्यामागचा न्याय. लसही सर्वांसाठीच होती. इंग्लंडमध्ये 1979 पासून असा कायदा आहे: 60 टक्के अपंगत्व आणि लसीशी संबंध दिसला की 1,20,000 पौंड, दोष कुणाचा हे न विचारता. (साठ टक्क्यांची अट मला क्रूर वाटते, पण निदान दार तरी आहे.) आपल्याकडे आज तरी ते दारच नाही.

22 मे, बुधवार

शेवटी ठेकेदाराशीच बोललो; तो तडजोडीला तयार झाला. रक्कम माणुसकी म्हणून, जबाबदारी न स्वीकारता. इथवर ठीक. पण तडजोडनाम्यात एक वाक्य होते: “मृत्यूचा लसीशी काहीही संबंध नाही, हे वारसांना मान्य आहे.” ताई म्हणाल्या, “पैसे कमी द्या, पन ते मी नाही लिहून देत.” मला त्यांना समजवावे लागले नाही, त्यांनीच मला ठाम केले.

6 जून, गुरुवार

ते वाक्य खोडले. रक्कम थोडी उतरली. आज सह्या झाल्या, धनादेश ताईंच्या मुलीच्या नावे ठेवीत जाईल. मृत्यूचे कारण मात्र कुठल्याही सरकारी कागदावर तपासले गेले नाही, आणि आता तपासले जाणारही नाही.

म्हणून जो कुणी हे वाचेल त्याला सांगतो. कुठलीही लस घेतल्यानंतरच्या दिवसांत असह्य डोकेदुखी, धाप, पायाला सूज असे काही झाले तर आधी दवाखाना गाठा, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात एईएफआयची नोंद करायला लावा. नोंदीची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.