उस्तादाविना परेड

चेन्नईला पोस्टिंग आलं तेव्हा ट्रंकेत एक जाड पुस्तक जास्तीचं होतं, सुपरसिमेट्रीचं. मी सिग्नल्सचा माणूस. गणित बऱ्यापैकी येतं असा समज होता. पंधरा दिवसांत तो उतरला. शब्द ओळखीचे वाटायचे, पण कोरा कागद समोर घेतला की हात चालायचा नाही.

अडलो ते ग्रासमान राशींवर. त्यांच्या गुणाकाराचा क्रम उलटला की चिन्ह बदलतं. म्हणून अशी राशी स्वतःशीच गुणली तर उत्तर शून्य. राशी स्वतः मात्र शून्य नसते. शाळेपासूनचं डोकं हे मानायला तयार होईना.

शेवटी माघार घेतली. फौजेत माघारही शिकवलेली असते. पळ काढणं वेगळं. याच शहरातल्या आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. बालकृष्णन यांची व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत. रोल कॉलनंतर रोज एक तास, आधी न्यूटनचं जुनं भौतिकशास्त्र, मग क्वांटम. वर्षभराने ते पुस्तक पुन्हा उघडलं.

विषय थोडक्यात असा. इलेक्ट्रॉनसारखे कण फर्मिऑन. एका अवस्थेत दोन मावत नाहीत. प्रकाशाचे फोटॉन हे बोसॉन. कितीही एकत्र राहतात. सुपरसिमेट्री म्हणते, प्रत्येक कणाला दुसऱ्या जातीचा एक जोडीदार आहे. आपण दोनदा ‘पीछे मुड’ केलं की होतो तसेच, होतो तिथेच उभे राहतो. इथे फर्मिऑनचा बोसॉन आणि बोसॉनचा पुन्हा फर्मिऑन केला, की गणितातून निघतं ते स्थळकाळातलं सरकणं! हे समीकरण स्वतःच्या हाताने सुटलं त्या रात्री झोप लागली नाही.

एका रविवारी बंदराकडे गेलो. 1912 साली रामानुजन इथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना 30 रुपयांवर कारकून होते. कार यांच्या पुस्तकावरून स्वतःच शिकलेले. तरीही 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलंच. मैलापूरला अल्लादी रामकृष्णन यांनी राहत्या घरी तरुणांना जमवून भौतिकशास्त्राच्या बैठका चालवल्या. 1960 मध्ये नील्स बोर त्या मुलांना भेटले, आणि 1962 मध्ये गणितीय विज्ञान संस्था उभी राहिली. एकट्याने सुरुवात करता येते. पुढे तपासणारं कुणीतरी लागतं.

माझ्याकडे हार्डी नाहीत. म्हणून रात्री सोडवलेलं दुसऱ्या दिवशी वही बंद ठेवून पुन्हा मांडतो. जमलं नाही, तर समजलेलं नाही. परेड माझी, उस्तादही मीच. सूट द्यायचा मोह रोज होतो.

आमच्या सुभेदार साहेबांनी एकदा विचारलं, “एवढं करतोस, पण हे खरं तरी आहे का?”

प्रश्न वर्मी लागला. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये 2012 साली हिग्ज कण सापडला. सुपरसिमेट्रीचा एकही जोडीदार आजवर सापडलेला नाही. असलेच तर ते बरेच जड असावेत, आणि कदाचित नसतीलही.

म्हटलं, “साहेब, रात्रभर गस्त घालून आलो आणि काही आढळलं नाही, तर रिपोर्टमध्ये तेच लिहितो ना? तरी गस्त चुकवत नाही.”

ते हसले. “मग आज रात्री?”

“गस्त आहे, साहेब.”