तिरळ्या डोळ्यामागे

निवासी डॉक्टर असताना दीड वर्षाच्या एका मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती. मुलीचा एक डोळा तिरळा होता. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती. बाहुली मोठी करणारे थेंब न घालताच मी ‘थोडी मोठी झाली की पाहू’ असे सांगून त्यांना परत पाठविले. सात महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा बाहुली पांढरी दिसत होती. दृष्टिपटलाचा कर्करोग, अर्थात रेटिनोब्लास्टोमा. जीव वाचला, डोळा काढावा लागला.

हा रोग सुमारे 15 ते 20 हजार जन्मांमागे एका बालकास होतो. पुष्कळ विद्यार्थी असा एकही रुग्ण न पाहता डॉक्टर होतात. म्हणून हल्ली मी त्यांना एआय चॅटबॉटसमोर बसवितो. बॉटला सांगून ठेवतो, ‘तू मुलीची आई आहेस, विचारल्याखेरीज काही सांगायचे नाही.’ विद्यार्थी ताप विचारतात, मार लागला का विचारतात. फ्लॅशच्या फोटोत डोळा कसा दिसतो, हे फारच थोडे विचारतात. ते विचारले तरच ‘आई’ म्हणते, ‘मांजरासारखा चमकतो. आम्हांस वाटले, कॅमेऱ्याचा दोष असेल.’ भावंडांची चौकशीही बहुधा राहून जाते. वास्तविक यांतील सुमारे 40 टक्के रुग्णांत हा दोष आनुवंशिक असतो.

परंतु हाच बॉट एकदा ठामपणे म्हणाला, निदानासाठी सुईने गाठीचा तुकडा काढावा. या रोगात तसे करणे टाळतात, कारण सुईच्या वाटेने कर्करोग डोळ्याबाहेर पसरू शकतो. विद्यार्थ्याने मात्र ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते!

आमचे वडील पेढीवरून रोजमेळ जुळल्याशिवाय उठत नसत. मीही आता विद्यार्थ्यांना वही घालून दिली आहे: डावीकडे बॉटचे विधान, उजवीकडे ग्रंथातील आधार. उजवी बाजू कोरी राहिली, तर डावीकडचे खोडायचे. आणि खऱ्या रुग्णाचे नाव वा छायाचित्र बॉटला कदापि द्यायचे नाही.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने सारे प्रश्न नेमके विचारले, निदानही अचूक सांगितले. तेव्हा पडद्यावर ‘आई’ने विचारले, ‘डोळा काढावा लागेल का, डॉक्टर?’ तिची बोटे थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. त्या आईने हाच प्रश्न मला विचारला होता, आणि मीही असाच गप्प उभा होतो.